उगवण

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी यंत्र वाजलं.
कुतैसीत त्या वेळी रिओनी नदी जागी असते,
मी असते, आणि तळघरातला बॉयलर.

साठ बाटल्यांतल्या एकीत
कुणीतरी श्वास घेऊ लागलं होतं.
रक्त काढल्याला एकतीस तास.
थेंब काचेवर पसरला, ज्योतीवरून तीनदा फिरवला,
जांभळा रंग, पाणी, आयोडिन, पाणी.
वाटलं, नेहमीचेच असतील, मण्यांचे घोस नाहीतर काड्या.

नव्हते.
लंबगोल, मोठाले, गर्द,
आणि एकेकाच्या खांद्यावर एकेक पिल्लू,
बिलगलेलं, अजून सुटं न झालेलं.

फोन लावला. अतिदक्षतेत त्सिउरीची पाळी होती.
"चार नंबर," ती म्हणाली. "वर्लाम. भट्टीवाला."

बाजाराच्या मागे, पुलाच्या अलीकडे
मातीच्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून
चाळीस वर्षं आतल्या तापल्या भिंतीला पाव थापणारा वर्लाम.
आतडं फाटलं. दोनदा पोट उघडलं.
एकोणीस दिवस मानेतल्या नळीतून जेवतोय.
होती नव्हती ती सगळी अँटिबायोटिक्स देऊन झाली,
जंतू मेले, ताप मात्र हटेना.

म्हणजे आपणच रान साफ करून दिलं.
हा काही बाहेरून आलेला नाही.
तोंडात, आतड्यात, कातडीच्या घडीत
जन्मभर भाडं न देता राहणारा,
तुमच्यात, माझ्यात, आत्ता हे वाचताना मुकाट बसलेला.
ओसरी त्याचीच होती. त्याने हातपाय पसरले, इतकंच.

पावातलं खमीर नव्हे हं हे, मी म्हटलं,
लांबचं चुलत नातं.
उगाच म्हटलं. त्सिउरी हसली नाही.
"डॉक्टरांना उठवू?"
उठव. मानेतली नळी काढायला सांग.
आणि डोळे तपासून घ्या,
पडद्यावर कधी कधी कापसाचे ठिपके उतरतात.

साडेचारला औषध सुरू झालं.
ते भिंती पाडतं. त्याला दुसरं काही येत नाही.
बुरशीच्या पेशीला भिंत असते,
माणसाच्या पेशीला नुसता पातळ पडदा.
वर्लाम वाचलाच
तर ह्या उघडेपणावर वाचेल.

त्याची लेक न्युत्सा रोज सकाळी पाव आणते.
आत न्यायला बंदी आहे. काउंटरवर ठेवते,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले, होडीसारखे टोकदार, चटका देणारे.
नर्सेस खातात. एखादा तुकडा आमच्या जिन्यापर्यंत येतो.
रात्री ती, बापाचाच शिरस्ता,
कालच्या पिठातला मूठभर गोळा मागे ठेवते,
ओलं फडकं घालून, भट्टीपासून हातभर लांब.
सकाळी तो वर आला नाही तर दुकान बंद.
तिची रात्र फुगण्याची वाट पाहण्यात जाते.

माझी उलट.
रोज नवं रक्त, नवी बाटल्यांची जोडी.
दुसऱ्या दिवशी वाजली. तिसऱ्याही.
मधल्या काळात प्लेटवर हिरवे ठिपके उमटले,
दिसायला छान, शेवाळी, गोल.
चौथ्या दिवसाची अजून वाजलेली नाही.
नजर लागेल म्हणून मी तिच्या दिव्याकडे बघत नाही,
शेजारच्या बाटलीकडे बघते.
पाच दिवस गप्प राहिली तर कागदावर लिहीन: वाढ नाही.
मग ते रक्त काढल्यापासून चौदा दिवस मोजायचे,
मध्ये काही बिनसलं नाही तर.

आज जिन्यात पाव मोडला तेव्हा
आंबूस वास आला, ओळखीचा,
बोटांना पिठी लागली.
उठले, हात धुतले. परत धुतले.
पायरीवरचा तुकडा तोवर निवला होता.
खाल्ला.